विम्यात काय काय येतं

बुधवार, ९ एप्रिल

पाच फेब्रुवारीला आला नाही. पाच मार्चला आला नाही. गेल्या शनिवारी पाच एप्रिल होती, तेव्हाही नाही. आणि आज पोलिसांनी आमची गाडी उचलून नेली. आपण पैसे काढून ठेवायचे, किटली तापत ठेवायची, केस विंचरून बसायचं, आणि वसुलीवाल्याने फिरकायचंच नाही. आणि भोगायचं कुणी? मी.

आता नमस्कार, वही. मी देल्मिरा पेरुस्सो, वय एकोणऐंशी. शाळा तिसरीपर्यंत, तीही अर्धी, कारण मधेच संत्र्यांची तोडणी आली. ही वही नातीने दिली. आयेलेन तिचं नाव, ती मास्तरीण आहे. तिची आई, माझी लेक, लांब दक्षिणेत हॉटेलात काम करते. पोरगी मार्चपासून माझ्याकडे राहते. म्हणाली, "नोना, तुझी गाऱ्हाणी ऐकायला मला वेळ नाही, या वहीला सांग. वही उलटून बोलत नाही." मी म्हटलं, उलटून बोलत नाही तर मजा काय. पण आज आग मस्तकात गेलीय, म्हणून लिहिते.

झालं ते असं. आयेलेनची शाळा इथून तीस किलोमीटर, मातीच्या रस्त्याच्या टोकाला. सात पोरं आणि एक मास्तरीण. ती जाते माझ्या नवऱ्याच्या जुन्या रेनो गाडीने. आमेरिको जाऊन सहा वर्षं झाली, गाडी अजून जाते. आज शाळेतून परतताना पुलाजवळ पोलिसांनी थांबवलं, छोट्या यंत्रात नंबर टाकला आणि म्हणाले, या गाडीचा विमा फेब्रुवारीपासून बंद आहे. गाडी कोंडवाड्यात गेली. पोरगी अंड्यांच्या ट्रकमधून घरी आली, केसांत पेंढा.

"नोना, तू हप्ते भरले नाहीस?"

"मी कशाला भरू? भरायचं काम गारेइसचं. माझं काम द्यायचं."

मी डब्यातून तीन पाकिटं काढून तिच्यापुढे ठेवली. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, प्रत्येकात त्या त्या महिन्याचं कुपन. ती पाकिटांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, मग स्टुलावर बसली.

एर्मिनिओ गारेइस म्हणजे आमच्या विमा सोसायटीचा वसुलीवाला. अकरा वर्षं दर महिन्याच्या पाचला सकाळी दहाला फाटकाशी टाळ्या वाजवतो, इथे घंटेऐवजी टाळ्याच. दोनच टाळ्या, फेरीवाल्यांसारखा टाळ्यांचा कडकडाट नाही. पैसे आणि कुपन घेतो, मागच्या महिन्याचं शिक्का मारलेलं कुपन परत देतो, बसतो. मग मी माते ओतते, म्हणजे पानांचा काढा, कडू, साखरेशिवाय. प्यायला पोकळ भोपळा एक, ओढायला नळी एक, एकदा तो, एकदा मी. तसं इथे सगळेच पितात, त्यात काही नाही. पण या माणसाला रीत नाही. भोपळा परत देताना "आभार" म्हटलं की पुरे झालं, पुढे ओतायचं नसतं. हा कधीच म्हणत नाही. किटली संपेपर्यंत मला ओतत बसावं लागतं.

विमा मात्र चांगला होता, खोटं कशाला बोलू. आमेरिको गेल्यावर गाडी नुसती उभी होती, तर गारेइस दर पाचला येऊन इंजिन चालू करून द्यायचा, बॅटरी मरू नये म्हणून. फाटकाच्या बिजागरीला तेल घालायचा. स्वयंपाकघरातला दिवा बदलायचा, माझा हात पोचत नाही तिथला. माझं पित्ताशय काढलं तेव्हा हप्ता घ्यायला थेट दवाखान्यात आला आणि संध्याकाळपर्यंत बसला. शेजारच्या चोलाचा विमा दुसऱ्या कंपनीचा आहे, तिच्याकडे साधा दिवा बदलायला कुणी येत नाही. मी तिला सांगायचे, स्वस्तातला घेतलास की असंच होतं.

आणि आता बघा.

गुरुवार, १० एप्रिल

अंड्यांचा ट्रक सोमवार, बुधवार, शुक्रवार जातो. आज गुरुवार, म्हणून पोरीची दांडी. ती बदली मास्तरीण आहे, कायम नाही. महिन्यात चार दांड्या चालतात. पाचवी पडली की वरून फोन येतो आणि नोकरी यादीतल्या पुढच्या बाईला जाते. ही नोकरी मिळायला तिला तीन वर्षं लागली. आज तिने घरात बसून पोरांसाठी पुठ्ठ्याची घड्याळं कापली. सात घड्याळं. काटे फिरतात त्यांचे.

मी बोहारणीसारखी पिशवी भरली, सगळी जुनी कुपनं घेतली आणि सोसायटीच्या ऑफिसात गेले. आयुष्यात पहिल्यांदा. दारात यंत्र आहे, ते नंबर देतं. हप्ता भरायला रांगेत उभं राहायचं म्हणजे बुडव्यांचं काम. मी रुमाल डोक्यावर पुढे ओढून उभी राहिले.

खिडकीत ब्रेंदा नावाची मुलगी होती, नखं निळी, पण बोलायला बरी.

"तुमचा वसुलीवाला तीन महिने आलेला नाही," मी म्हटलं. "त्याला समज द्या, आणि माझी गाडी सोडवा."

"कोण वसुलीवाला, सेन्योरा?"

"गारेइस."

ती संगणकाच्या पडद्याकडे बघत थांबली. "सेन्योरा, आमच्याकडे वसुलीवाले नाहीत. दोन वर्षं झाली. सगळे काढले. आता लोक फोनवर भरतात, नाहीतर औषधाच्या दुकानातल्या खिडकीत. सगळ्यांना पत्र गेलं होतं."

छापील पत्रांनी मी चूल पेटवते, ते तिला सांगितलं नाही.

"मग दोन वर्षं माझ्याकडे कोण येत होतं?" मी कुपनं तिच्यापुढे ओतली. तिने एकेक उलटून पाहिलं. औषधाच्या दुकानाचा शिक्का, दर महिन्याच्या पाच तारखेचा, दुपारी बाराच्या आसपासचा.

"कुणीतरी रांगेत उभं राहून तुमचे पैसे भरत होतं," ती म्हणाली. "आमचं कुणी नव्हतं ते."

मग तिने नियम सांगितला. एप्रिलअखेरपर्यंत राहिलेले हप्ते भरले आणि गाडीची तपासणी झाली तर पॉलिसी पुन्हा जिवंत होते. त्यानंतर मेली ती मेली, आणि इतकी जुनी गाडी कुणी नव्याने घेत नाही. हप्ते मी तिथेच भरले. पण तपासणी होते ऑफिसच्या अंगणात. गाडी आहे कोंडवाड्यात. कोंडवाडेवाले म्हणतात, आधी चालू विमा दाखवा. विमावाले म्हणतात, आधी गाडी दाखवा. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही.

मी ब्रेंदाला तसं म्हटलं. ती हसली. हसून काय होणार.

शनिवार, १२ एप्रिल

चोला म्हणते पोलिसात तक्रार दे. काढून टाकलेला माणूस दोन वर्षं पैसे नेत होता म्हणजे चोर.

मी कुपनं पुन्हा लावून पाहिली, जेवणाच्या टेबलावर, महिन्यांच्या ओळीने. जानेवारीचं तेवढं त्याच्याकडे राहिलं, बाकी एकही कमी नाही. सगळे पैसे भरलेत. चोर असता तर बरं झालं असतं, चोर समजतो तरी. हा कसला माणूस? नोकरी गेली, पगार गेला, तरी टाय बांधून मोपेडवर गावाच्या त्या टोकाहून या टोकाला यायचं, माझे पैसे घ्यायचे, जाऊन रांगेत उभं राहायचं, आणि पुढल्या महिन्यात कुपन परत. वर पाव किलो खारी बिस्किटं, कागदी पिशवीत. बिस्किटं सोसायटीची असतील असं मी धरलं होतं.

आयेलेनला विचारलं, "या वेडेपणाला काय म्हणायचं?"

ती वह्या तपासत होती. वर न बघता म्हणाली, "नोना, खरंच कळत नाही तुला?"

"काय कळायचंय? फुकटचा माते मिळतो, म्हातारा येतो."

"हो का," ती म्हणाली, आणि एका पोराच्या वहीत लाल शाईने मोठी बरोबरची खूण काढली.

मंगळवार, १५ एप्रिल

दुसरी दांडी.

अकरा वर्षं हा माणूस माझ्या घरी आला, आणि तो कुठे राहतो हे मला ठाऊक नाही. कधी विचारलंच नाही. वसुलीवाल्याला घर असतं हे डोक्यातच आलं नाही.

म्हणून औषधाच्या दुकानात गेले. तिथली बाई बिलं पण घेते आणि गोळ्या पण देते. म्हटलं, गारेइस कुठे राहतो?

"गरीब बिचारा," ती म्हणाली. "रेल्वेच्या जुन्या गोदामामागे. फेब्रुवारीपासून पडून आहे. मांडीचं हाड मोडलं. वादळाच्या दिवशी मोपेडवरून रेल्वे फाटकात पडला, रुळांवर चाक घसरलं. लोक म्हणत होते, अशा पावसात कुठे निघाला होता कोण जाणे. हातात बिस्किटांची पिशवी."

वादळ पाच फेब्रुवारीला होतं.

त्या दिवशी चोला कुंपणावरून ओरडून सांगत होती, रेल्वे फाटकापाशी रस्ताभर बिस्किटं सांडलीत आणि गावातली सगळी कुत्री जमलीत, एकेकाची शेपटी बघ. आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो.

बाईने विचारलं, आणखी काही हवं का. मी म्हटलं, नको. घरी आले.

बुधवार, १६ एप्रिल

आज काही लिहायचं नाही.

शनिवार, १९ एप्रिल

गुरुवारी, शुक्रवारी सण, सगळं बंद. आज गेले. झाडावरची मॅन्डरीन संत्री घेतली, यंदाची पहिली, अजून थोडी आंबट. निळा झगा घातला कारण दुसरा धुतला होता. आयेलेन म्हणाली, दुसरा दोरीवर वाळलाय. मी ऐकलं नाही असं केलं.

गोदामामागे एकच घर, पांढरं, फाटकाला नीट तेल घातलेलं. अकरा वर्षं टाळ्या ऐकल्या, वाजवायची वेळ कधी आली नव्हती. दोन वाजवल्या.

आतून आवाज आला, "कोण?"

मला काय सुचलं कोण जाणे. म्हटलं, "वसुली."

 मग कुबड्यांचा आवाज, मग तो दारात. वाळलाय. दाढी वाढलेली, पांढरी, अंगात रात्रीचा सदरा. मला बघून त्याने आधी गळ्याला हात लावला, टाय शोधायला.

"दोन्या देल्मिरा," तो म्हणाला, "आज पाच तारीख नाही."

"पाच तारखा तीन गेल्या. बसा खाली, पडाल."

त्याने मला खुर्ची दिली आणि स्वतः पलंगावर बसला. खोली स्वच्छ. कोपऱ्यात एक खोकं, बांधलेलं, न उघडलेलं. मी विचारलं ते काय. म्हणाला, सोसायटीने एकतीस वर्षांच्या नोकरीबद्दल घड्याळ दिलंय. काढून टाकलं त्या दिवशी.

"दोन वर्षं मला सांगितलं नाहीत," मी म्हटलं.

"तुम्ही विचारलं नाहीत."

"काय विचारायचं? रोज उठून वसुलीवाल्याला विचारायचं का, बाबा, तुला नोकरी आहे ना?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुकानात जाऊन स्वतः भरले असते."

"भरलेच असते."

"हो, तर," तो म्हणाला, आणि किटलीकडे उठला.

मग मी विचारलं, पडलात तर निरोप का नाही धाडला. तो किटलीशी खुडबुड करत होता, एका हाताने कुबडी, एका हाताने किटली. मी उठले नाही. त्याचं घर, त्याची किटली.

"काय निरोप धाडू?" तो म्हणाला. "जी नोकरी नाही, तिच्यावर यायला जमत नाही म्हणून? पुतण्याला पैसे देऊन दुकानात पाठवलं होतं मी. पण कुपनं तुमच्या डब्यात. कुपनाशिवाय घेत नाहीत ते."

"असे आणखी किती घरी जाता, बिनपगारी?"

त्याने भोपळ्यात पाणी ओतलं, हळूहळू, कडेने. "यादी लहान आहे."

"किती?"

"एक."

एका घरासाठी मोपेडला पेट्रोल घालतो हा माणूस. व्यवहार म्हणून काही कळत नाही.

मग मी गाडीचं सांगितलं, कोंडवाड्याचं, पोरीच्या दांड्यांचं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "माझ्यामुळे." मी म्हटलं, तुमच्यामुळे नाही, रुळांमुळे, आणि आता रडगाणं नको, उपाय सांगा, एकतीस वर्षं काय नुसती बिस्किटं वाटलीत का.

तर उपाय आहे. गाडी तपासायला गाडीच ऑफिसात यायला हवी असं नाही, तपासणारा गाडीकडे जाऊ शकतो. ओजेदा नावाचा तपासनीस आहे, जुना. महापुराच्या वर्षी या दोघांनी नावेत बसून गाड्या तपासल्या होत्या, अर्ध्या पाण्यात बुडालेल्या. पण ओजेदा चिठ्ठीने येणार नाही, आळशी आहे. त्याला समोर जाऊन सांगावं लागतं.

"मग मी सांगते त्याला."

"तुम्ही सांगाल तर भांडण होईल," गारेइस म्हणाला. "मी येतो."

"त्या ऑफिसात? जिथून काढलं?"

"सोमवारी प्लास्टर काढणार आहेत. त्यानंतरच्या सोमवारी चालायला देतील."

म्हणजे अठ्ठावीस. मी बोटांवर मोजलं. त्याआधी बावीसची दांडी आणि चोवीसची. चार होतात. एकोणतीसला पाचवी. दोरी अगदी टोकापर्यंत ताणलेली.

माते कोमट होता आणि त्याला ओतताही येत नाही, पत्ती सगळी वर येते. मी "आभार" म्हणायला हवं होतं, म्हणजे त्याने ओतायचं थांबवलं असतं. राहून गेलं. किटली संपली.

गुरुवार, २४ एप्रिल

चौथी दांडी. आयेलेन म्हणते, गेली नोकरी तर गेली, शहरात दुकानात लागेन. असं म्हणाली आणि पुन्हा पुठ्ठा कापायला बसली. आता आगगाडी करतेय, सात डब्यांची, प्रत्येक डब्यावर एका पोराचं नाव. शेवटचा डबा लहान आहे. म्हणाली, हा एदेरचा, तो कालपासून वाचायला लागला. पहिला शब्द काय वाचला, तर अंड्यांच्या ट्रकवरचा.

मी म्हटलं, दुकानात लागायचं नाव काढलंस तर ही वही तुझ्या डोक्यात घालीन.

दुपारी गारेइसकडे भाजीचं सूप दिलं. वाटेतच आहे तसं. वाटेत नाही, पण बाजारातून वळलं की वाटेत पडतं.

सोमवार, २८ एप्रिल

सगळं लिहून मगच निजणार.

ट्रकवाल्याने पोरीला पहाटे शाळेत सोडलं आणि परत येताना गारेइसला घेऊन ऑफिसशी उतरवलं. मी आधीच उभी होते. तो उतरला. दाढी केलेली, टाय बांधलेला, तोच तपकिरी, कडेला झिजलेला. कुबड्या दोन. दारासमोर आल्यावर थांबला. मला वाटलं पाय दुखतोय. पाय नव्हता दुखत. काचेत आत बघत होता, जिथे वसुलीवाल्यांचं टेबल असायचं तिथे आता ते नंबर देणारं यंत्र आहे.

"चला," मी म्हटलं, "नाहीतर मी भांडायला जाते."

गेला आत. ब्रेंदा उभी राहिली. मागच्या खोलीतून साहेब बाहेर आला, गारेइसला बघून टोपी नसतानाही ती उचलल्यासारखा डोक्याला हात लावला त्याने. गारेइसने त्याला "शुभ सकाळ" म्हटलं, दुसरं काही नाही. ना घड्याळाचं, ना नोकरीचं. मला बोलायचं होतं, त्याने माझ्या कोपराला हात लावला. मग थेट ओजेदाच्या टेबलाशी.

"ओजेदा, टोपी घाल, कोंडवाड्यात जायचंय."

"तू मेलास असं ऐकलं होतं," ओजेदा म्हणाला.

"अर्धाच. चल."

"कोंडवाड्यात तपासणी होत नाही, एर्मिनिओ, नियम—"

"नावेत होत होती. तेव्हा तू उलटी केलीस, मी कुणाला सांगितलं नाही. सांगू?"

ब्रेंदा खिडकीआड तोंड लपवून हसत होती. ओजेदाने टोपी घातली.

कोंडवाड्यात आमेरिकोची रेनो एका जळक्या बसशेजारी उभी होती, काचेवर धूळ, बोटाने कुणीतरी फुल्या काढलेल्या. ओजेदाने चार बाजूंनी फोटो काढले, चाकं पाहिली, दिवे पाहिले. म्हणाला, आता इंजिन चालू झालं पाहिजे, त्याशिवाय सही नाही. किल्ली माझ्याकडे. मला गाडी येत नाही. राखणदाराने बसून फिरवली, एकदा, दोनदा, पाचदा. नुसता खोकला.

"मेली आहे," ओजेदा म्हणाला. "उद्या मेकॅनिक आणा."

उद्या एकोणतीस.

"उतर," गारेइस राखणदाराला म्हणाला. कुबड्या माझ्या हातात दिल्या आणि दाराला धरून, दात आवळून आत बसला. मोडका पाय हातांनी उचलून आत घेतला. मग त्याने चोकची खुंटी ओढली, थांबला, दुसऱ्या पायाने तीनदा ॲक्सिलरेटर दाबला, थांबला, कान देऊन ऐकलं, जसं कुणी छातीला कान लावतं. आणि किल्ली फिरवली. लागली. धूर, थरथर, आणि चालू.

"हिला घाई केलेली चालत नाही," तो ओजेदाला म्हणाला. "दर महिन्याला सहा वर्षं मीच लावत होतो."

ओजेदाने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "वसुलीवाला इंजिन कधीपासून लावायला लागला?"

"आमच्या विम्यात येतं ते," मी म्हटलं.

ओजेदा म्हणाला, "सेन्योरा, आमच्या कुठल्याही विम्यात असलं काही येत नाही. तीस वर्षं मीच त्या पॉलिस्या वाचतोय."

"बिजागरीला तेल?"

"नाही."

"दिवा? दवाखाना?"

गारेइस गाडीत बसून समोरच्या जळक्या बसकडे बघत होता, जणू तिच्यावर काही लिहिलंय.

मी पुढे विचारलं नाही. कुबड्या धरून उभी राहिले. जड असतात त्या, वाटतात त्यापेक्षा.

ओजेदाने सही केली. ब्रेंदाने कागद काढला: विमा आज मध्यरात्रीपासून चालू, जुन्याच नंबराने. कोंडवाडेवाल्याने कागद उलटसुलट बघितला आणि म्हणाला, सकाळी सहाला फाटक उघडतो.

मंगळवार, २९ एप्रिल

सहाला गाडी आणली, साडेसहाला पोरगी निघाली, आगगाडी मागच्या सीटवर. संध्याकाळी आली ती हसत. एदेरने स्वतःचा डबा कुणाला हात लावू दिला नाही.

दांडी नाही.

शुक्रवार, २ मे

आयेलेनने आज फोन माझ्यापुढे धरला. म्हणाली, "नोना, यात एकदा टाकलं की हप्ता आपोआप जातो. दर महिन्याला. कुपन नको, पाकीट नको, कुणी यायला नको. दोन मिनिटांचं काम आहे. टाकू?"

मी म्हटलं, हात लावून बघ.

"पण पुन्हा चुकला तर?"

"चुकणार नाही."

"का नाही चुकणार?"

"कारण पत्ता आहे आता माझ्याकडे. तो आला नाही तर मी जाईन."

तिने फोन उलटा ठेवला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मी तिच्या शाळेतली असल्यासारखा. मी हात झटकला. पातेलं करपत होतं.

रविवार, ४ मे

उद्या पाच.

पाकीट तयार आहे, कुपन आत आहे. चोलाकडून पाव किलो खारी बिस्किटं भाजून घेतली, कारण मोडक्या पायाच्या माणसाने पिशव्या धरून हिंडू नये. ती म्हणाली, पाहुणे आहेत का. म्हटलं, विमा आहे. ती म्हणाली, तुझा विमा फार लाडाचा. म्हटलं, महागातला आहे.

स्वयंपाकघरातला दिवा परवा गेला. आयेलेन स्टूल घेऊन निघाली होती बदलायला. मी तिला खाली उतरवलं. अंधारात दोन दिवस जेवलं तर कुणी मरत नाही.

फाटकापाशी पायरी उंच आहे, तिथे वीट लावली. आणि आताच ध्यानात आलं, कुबड्या धरल्या की टाळ्या वाजवता येत नाहीत. म्हणजे तो कुबडी आपटेल फाटकावर, नाहीतर नुसता उभा राहील, तसलाच आहे तो. तेव्हा हे इथे लिहून ठेवते, आणि वही टेबलावर उघडी ठेवते, आयेलेनने शाळेला निघायच्या आधी वाचावं आणि चोलालाही सांगून जावं म्हणून: उद्या दहाला फाटकाशी काहीही वाजलं, टाळी, कुबडी किंवा नुसता खोकला, तर चोलाने कुंपणावरून कोण आहे म्हणून ओरडायचं नाही. कुणीही उठायचं नाही. ओ मी देणार.